कस्टमर कॉलवर इंग्रजी बोलायची वेळ आली की गाडी अडते. क्लास लावू का?

वासुली_फाटा

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

चाकणला अ‍ॅल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंगच्या (वितळलेला धातू दाबानं साच्यात भरायचा) कारखान्यात क्वालिटीला आहे. वय चौतीस, राहायला मोशीला. गाव जुन्नर तालुक्यात, शाळा झेडपीची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. सरकारनं पहिलीपासून सुरू केलं २००० साली, तोवर आम्ही चौथीत पोचलेलो. पुढे डिप्लोमा. तिथं सर शिकवायचे मराठीत आणि पेपर लिहायचा इंग्रजीत. त्यामुळं लिहायला मी अडत नाही. कंट्रोल प्लॅन (कुठल्या टप्प्यावर काय तपासायचं त्याचा तक्ता), एट-डी रिपोर्ट (कस्टमरच्या तक्रारीचं कारण आणि उपाय, डी-वन ते डी-एट अशा आठ पायऱ्यांत) सगळं माझ्या हातचं. आयएटीएफच्या (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) ऑडिटला माझ्या फायलींत फारसं काही निघत नाही. (बढाई नाही, पुढचं नीट कळावं म्हणून सांगितलं.)

अडतं ते तोंड. मध्यंतरी जर्मनीच्या कस्टमरची कम्प्लेंट आली. आमचं हाउसिंग त्यांच्या लाइनवर लीक झालं, मशीनिंगनंतर आतली पोरॉसिटी (धातूतली बारीक पोकळी) उघडी पडलेली. पाळी संपल्यावरही डायजवळ थांबून कारण शोधलं. प्लंजरची (धातू साच्यात ढकलणारा दट्ट्या) टिप झिजली होती, त्यामुळं शेवटचं प्रेशर मेटलला बसत नव्हतं. मग असे पीस आमच्या लीक टेस्टमधून सुटले कसे? शिफ्टच्या सुरुवातीला मास्टर पीस (ज्याचा निकाल आधीच माहीत आहे असा नमुना) लावून टेस्टिंग मशीन तपासायचं असतं, आणि आमच्या चेकशीटवर रात्रपाळीचा रकानाच नव्हता! सगळं रिपोर्टात लिहिलं, फोटो लावले.

मग टीम्सवर कॉल. तिकडच्या बाईंनी एक लांबलचक प्रश्न विचारला. मला त्यातलं 'डिटेक्शन' तेवढं कळलं. मी म्हणालो, "यस, यस मॅडम." तिकडं शांतता. त्यांनी परत विचारलं. माझं परत "यस". तेवढ्यात आमच्या साहेबांनी माइक ओढला आणि फाडफाड इंग्रजीत सांगून टाकलं की ऑपरेटरचा हलगर्जीपणा होता, त्याला ट्रेनिंग दिलंय. आता 'ऑपरेटर एरर' हे मूळ कारण म्हणून कुठलाही कस्टमर घेत नाही, हे क्वालिटीतलं शेंबडं पोरही सांगेल. रिपोर्ट रिजेक्ट होऊन परत आला. आणि तो बिचारा ऑपरेटर, ज्याचा काही संबंध नाही, तो ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सही करून आला.

नंतर टीम लीडची जागा निघाली, ती मला ज्युनियर असलेल्या कॉन्व्हेंटच्या मुलाला मिळाली. मुलगा चांगला आहे, अडला की माझ्याकडंच येतो, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. मला सांगितलं, "रोल कस्टमर-फेसिंग आहे, तुझं कम्युनिकेशन जरा कमी पडतं."

तर प्रश्न असा. स्पोकन इंग्लिशचे क्लास पुण्यात पायलीला पन्नास. पण नोकरीवाल्यांच्या बॅच शनिवार-रविवार, आणि आमची सुट्टी गुरुवारी. शिवाय शिफ्ट फिरती. एका ठिकाणी डेमोला बसलो तर 'माय फेवरिट फेस्टिव्हल'वर दोन मिनिटं बोलायला लावलं. गणपतीवर बोललो की मी, बरं बोललो. पण ती जर्मन बाई मला गणपतीवर कशाला विचारेल? घरी बायकोशी इंग्रजीत बोल, असं जो तो सांगतो. ती हसते, मग मी हसतो, संपला विषय.

ज्यांनी हे पार केलंय त्यांनी सांगा. क्लासवर पैसे घालू का? आणि नसेल तर रोज नेमकं करू काय?

नारायणपेठी

इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख रोज मोठ्यानं वाचा. आमच्या पिढीनं हेच केलं. अप्पा बळवंत चौकात व्याकरणाचं एखादं जुनं पुस्तक मिळेल, ते घ्या आणि काळ पक्के करा. पाया कच्चा ठेवून फाडफाड बोलणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत. क्लासबद्दल न बोललेलं बरं.

हिंजवडी_फेज_तीन

माझाही हाच प्रश्न, फक्त आयटी आवृत्ती. रुमाल टाकून ठेवतो.

बार्शीकरीण

वासुली फाटा, तुला 'तू' म्हणते, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे. मी भोसरीत, निर्यातीचा माल करणाऱ्या एका कारखान्यात कस्टमर सपोर्टला केस पिकवलेत. शाळा बार्शीत, अर्थात मराठी. पुण्यात नवीन होते तेव्हा टेबलावरचा फोन वाजला की मला हटकून पाणी प्यायला जायचं असायचं.

तुझी पोस्ट तूच परत वाच. तू म्हणतोस तोंड अडतं. मला तर दिसतंय की कान अडलाय. बाईंचा प्रश्नच पोचला नाही, मग उत्तर कशाचं देणार? आपण मराठी मीडियमवाले इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. पानावर प्रत्येक शब्द सुटा, मध्ये जागा सोडलेला. बोलताना माणसं शब्द एकमेकांत कालवून टाकतात. 'व्हॉट डिड यू डू'चं 'व्हॉडिजडू' होतं, आणि आपण पहिला शब्द जुळवत बसतो तोवर वाक्य संपून समोरचा उत्तराची वाट बघत असतो. क्लासवाले उभं करून बोलायला लावतात, ऐकायला कुणी बसवत नाही. ऐकण्यावर टाळ्या वाजत नाहीत ना.

म्हणून आधी कान. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' नावाचा कार्यक्रम आहे. फुकट आहे आणि सोबत सगळा मजकूर छापील मिळतो. सहाच्या सहा मिनिटं ऐकू नकोस. एक मिनिट घे. मजकूर न बघता ऐक, जेवढं ऐकू आलं तेवढं लिही, मग मजकुराशी ताडून बघ. काय निसटलं ते कळतं, आणि बहुतेक वेळा 'हॅव', 'ऑफ', 'टू', 'डिड' असलं किडूकमिडूकच निसटलेलं असतं. मग तेच मिनिट त्यांच्याबरोबर, त्यांच्याच वेगात पुटपुट. कंपनी परवानगी देत असेल तर तुमच्याच कॉलचं रेकॉर्डिंग याहून चांगलं. 'परवानगी देत असेल तर' हे दोनदा वाच. आणि नाशिक हायवेला गाडी चालवताना कानात बोंडं घालून हा अभ्यास करायचा नाही.

आता ते 'यस, यस'. मराठीत समोरचा बोलत असताना आपण 'हो, हो' करत राहतो, त्याचा अर्थ 'ऐकतोय, बोला पुढं'. कॉलवर तो 'मान्य' असा घेतला जातो, आणि एखाद्या वेळी मिनिट्समध्ये तसा लिहिलाही जातो. त्या बाईंनी बहुधा विचारलं असेल की तुमच्या तपासणीत हे सापडलं कसं नाही, आणि तू म्हणालास यस. डी-फोरमध्ये, म्हणजे मूळ कारणाच्या पायरीत, दोन प्रश्न असतात हे तुला मी काय सांगायचं: दोष का झाला, आणि झालेला दोष तपासणीतून का सुटला. म्हणजे तिचा प्रश्न फिरून फिरून या दोनांतलाच एक. मग तिलाच विचारायचं: "जस्ट टू कन्फर्म, आर यू आस्किंग व्हाय इट हॅपन्ड, ऑर व्हाय वुई डिड नॉट डिटेक्ट इट?" तुला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि तिकडं कळतं की हा माणूस विषयातला आहे. साहेबांना माइक ओढायला फटही राहत नाही.

अशी चार-पाच वाक्यं पाढ्यांसारखी पाठ पाहिजेत. झोपेतून उठवून विचारलं तरी आली पाहिजेत. "लेट मी चेक द डेटा, गिव्ह मी हाफ अ मिनिट." "आय गॉट द फर्स्ट पार्ट, कुड यू रिपीट द सेकंड?" "आय वुड लाइक टू फिनिश धिस पॉइंट." शेवटचं खास तुझ्या साहेबांसाठी. "सॉरी, माय इंग्लिश इज नॉट गुड" हे मात्र आजपासून बंद. त्या बाईंची तरी कुठं ती मातृभाषा आहे?

तिकडच्या लोकांच्या इंग्रजीलाही त्यांच्या भाषेचा वास असतो, तोही ओळखायला शिक. 'सेंड इट अन्टिल फ्रायडे' म्हणाले की त्यांना पुष्कळदा 'शुक्रवारच्या आत पाठवा' एवढंच म्हणायचं असतं. 'इव्हेन्च्युअली' म्हणाले तर सरळ विचारून घे, कारण जर्मनमध्ये तसाच दिसणारा शब्द 'कदाचित' या अर्थानं आहे. लाइन 'इव्हेन्च्युअली' थांबेल म्हणजे थांबणारच की कदाचित थांबेल, यावर विमानानं माल पाठवायचा की जहाजानं हे ठरतं.

आकड्यांवर थोडं जास्त बोलते, कारण खरा घोळ तिथंच होतो. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो, वीस नंतर. जर्मन माणूसही तसंच म्हणतो, पाच-आणि-वीस. म्हणजे ट्वेंटी-फाइव्ह आणि फिफ्टी-टू यांत दोन्हीकडची जीभ घसरायला टपलेली. त्यात फिफ्टीन आणि फिफ्टी. म्हणून माप, टॉलरन्स, बॅच क्वांटिटी सांगताना आकडा एकदा सलग म्हणायचा आणि एकदा फोडून: "फिफ्टीन, वन फाइव्ह." ०.०५ मिलिमीटर असेल तर "पॉइंट झीरो फाइव्ह" म्हण आणि लगेच "फिफ्टी मायक्रॉन्स" जोडून दे. लाख तिकडं कुणाला कळत नाही, दीड लाखाला 'वन हंड्रेड फिफ्टी थाउजंड'. त्यांच्या शीटवर दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो आणि हजारापाशी टिंब, तेव्हा १.२०० दिसलं तर ते बाराशे असू शकतं, एक पॉइंट दोन समजून बसशील. पार्ट नंबरातल्या बी, डी, पी, टी फोनवर सगळ्या सारख्याच ऐकू येतात, त्यांना ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो. विमानवाले वापरतात तीच यादी, एका संध्याकाळी पाठ होईल. रोज चेकशीटवर जे आकडे लिहितोस तेच मोठ्यानं इंग्रजीत म्हण. शॉप फ्लोअरवर इतका आवाज असतो की कुणाला ऐकूही जायचं नाही.

उरलं तोंड. त्यासाठी तुझाच एट-डी घे. घड्याळ लावून चार मिनिटं त्याच्यावर बोल. लगेच तेच तीन मिनिटांत. मग दोन. भाषा शिकवणाऱ्यांमध्ये ही ४-३-२ नावाची जुनी रीत आहे. खरं तर दर वेळी ऐकणारा नवा पाहिजे, पण तुला तो कोण आणून देणार, फोनचा रेकॉर्डर लाव. पहिल्या वेळी निम्मा वेळ शब्द हुडकण्यात जातो. तिसऱ्या वेळी ते शब्द हाताशी असतात आणि 'बेसिकली', 'अ‍ॅक्च्युअली' आपोआप गळून पडतात, कारण त्यांना जागाच नसते. एट-डी संपला की कंट्रोल प्लॅन. तो झाला की लीक टेस्टचं मशीन कसं चालतं ते. गणपतीवर बोलून गणपतीवरच बोलता येतं.

नारायणपेठींचं एक मला मान्य आहे: काळ. 'अ' आणि 'द' विसरलास म्हणून कास्टिंग लीक होत नाही. पण 'वुई विल चेंज द चेकशीट' हा डी-फाइव्ह, म्हणजे ठरवलेला उपाय झाला, आणि 'वुई चेंज्ड द चेकशीट' हा डी-सिक्स, म्हणजे केलेला उपाय. आपण घाबरलो की सगळ्यालाच 'चेंजिंग, चेंजिंग' करतो आणि समोरच्याला कळत नाही की बदललंय, बदलताय की नुसताच विचार आहे. अग्रलेख मोठ्यानं वाचून आवाज मोकळा होतो, नाही म्हणत नाही, पण अग्रलेख उलटा प्रश्न विचारत नाही हो.

उच्चारांचं फार मनावर घेऊ नकोस. व्ही आणि डब्ल्यूची त्यांचीही मारामारीच असते. थोडं सावकाश बोल आणि वाक्य संपलं की थांब. आपण शांततेला घाबरून पुढं बोलत राहतो आणि नको ते कबूल करून बसतो.

क्लासचे पैसे ठेव तुझ्यापाशी. एक बरा वायरचा हेडफोन घे त्यातून.

लाल_कार्ड

बार्शीकरीण ताईंना +१. त्यात एक भर घालतो. नवा ऐकणारा कोण आणून देणार, असं त्यांनी विचारलंय, त्याचं उत्तर टोस्टमास्टर्स. १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली, भाषणाचा सराव करून घेणारी संस्था आहे, पुण्यात तिचे बरेच क्लब आहेत. काही कंपन्यांच्या आत चालतात, काही सगळ्यांना खुले. पाहुणा म्हणून जाऊन बसता येतं.

तयारीच्या भाषणांपेक्षा तुमच्या कामाचा भाग म्हणजे 'टेबल टॉपिक्स'. आयत्या वेळी विषय हातात देतात आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. एका मिनिटाला हिरवं कार्ड, दीडला पिवळं, दोनला लाल. एक जण फक्त तुमचे 'अँ, अँ' मोजायला बसवलेला असतो! पहिल्यांदा भयंकर राग येतो त्याचा. मी पिंपरीत दुकान चालवतो, मला इंग्रजीत कॉल वगैरे करावे लागत नाहीत, मी नुसता भीती घालवायला गेलो आणि रमलो.

विषय तिथंही 'फेवरिट फेस्टिव्हल' छापाचे निघतात, हे खरं. पण तिथं प्रश्न आयत्या वेळी येतो आणि बघे अनोळखी असतात. तुमचं नेमकं तिथंच अडलंय ना? प्रत्येक क्लबचा वार वेगळा असतो, काही ऑनलाइनही भरतात. गुरुवारवाला शोधा.

गुटेन_टाग

मी वेगळंच सुचवतो. कस्टमर जर्मन, गाव पुणे, मग जर्मनच का नाही? रानडे इन्स्टिट्यूट आहे, बोट क्लब रोडला मॅक्स म्यूलर भवन आहे. अर्ध्या देशातली पोरं यासाठी पुण्यात येतात आणि पुणेकर इंग्रजीच्या क्लासला पैसे भरतात.

मात्र फसवत नाही. ए-वन, ए-टू या पहिल्या पातळ्या करून नमस्कार-चमत्कार जमतो, हवापाण्यावर बोलता येतं. पोरॉसिटीवर वाद घालायचा तर बी-टूच्या आसपास पोचावं लागेल, आणि फिरत्या शिफ्टमध्ये त्याला वर्षं जातील. तरी कॉलच्या सुरुवातीला दोन वाक्यं त्यांच्या भाषेत बोललात की समोरचा सैलावतो, हा माझा अनुभव आहे. इंग्रजीची निकड भागली की विचार करा.

खुर्चीच्या_पलीकडून

मी एचआरमध्ये आहे, बाणेरला. तुमच्या कंपनीत नाही, निर्धास्त राहा.

'कम्युनिकेशन कमी पडतं' हे आमच्याकडचं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. त्यात खरोखरचं इंग्रजी असतं, कॉलवर गप्प बसणं असतं, साहेबांशी न जमणं असतं, आणि कधी कधी दुसऱ्याला जागा द्यायची हे आधीच ठरलेलं असतं. सांगणाऱ्याला यातलं नेमकं काय ते बोलावं लागत नाही. तेव्हा पुढच्या अप्रेझलची वाट न बघता, भांडण न करता, मेलवर विचारा: टीम लीडकडून कुठल्या कॉलमध्ये काय अपेक्षित आहे, आणि त्यातलं मी काय दाखवलं म्हणजे पुरेसं धराल? उत्तर गोलमोल आलं तर अडचण इंग्रजीची नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल आणि क्लासची फी वाचेल.

आणि एक. एट-डी लिहिता तुम्ही, पण हे कस्टमरला माहीत आहे का? डी-वनच्या टीममध्ये तुमचं नाव कितवं आहे, आणि नावापुढं काय लिहिलंय?

वासुली_फाटा

सगळ्यांचे आभार. इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

खुर्चीच्या पलीकडून, आत्ता फाइल उघडून बघितलं. डी-वनमध्ये पहिलं नाव साहेबांचं, मग प्रॉडक्शन, मग मेंटेनन्स, मग मी. पुढं नुसतं 'मेंबर'. आणि फॉर्म मीच भरलाय!

ताई, 'व्हॉडिजडू' वाचून बायकोला पण हसू आलं. एक मिनिट ऐकून लिहायचा प्रकार काल रात्री केला. वाटलं होतं त्याच्या निम्मंही ऐकू येत नाही मला. मजकूर समोर ठेवला तर त्यातला एक शब्द नवा नव्हता. चीडच आली.

आता लगेचची अडचण. रिजेक्ट झालेला एट-डी सुधारून परत सादर करायचाय आणि कॉल पडलाय नेमका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी. साहेबांना विचारलं, डी-फोर मी बोलू का. म्हणाले, "बघू." दुसरं असं की कॉन्फरन्स रूममध्ये आमचीच पोरं टेबलाभोवती बसलेली असतात. खरं सांगू का, त्या बाईंची एवढी भीती वाटत नाही. ही पोरं खाली मान घालून मोबाइलमध्ये हसतात, त्यानं जीभ टाळ्याला चिकटते.

बार्शीकरीण

'बघू' म्हणजे नाही म्हणायचा कंटाळा. त्याचा फायदा घे. साहेबांना आजच अजेंड्याचा मसुदा पाठव: ओळख आणि डी-टू (तक्रार काय ती) साहेब, डी-थ्रीला (तातडीचा उपाय) प्रॉडक्शन, डी-फोर तू, डी-फाइव्ह तू, शेवटची कमिटमेंट साहेब. सुरुवात आणि शेवट त्यांच्याकडं ठेवलास की मधल्या दोन ओळी बदलायला ते बसणार नाहीत. त्यांचं 'ओके' आलं की तोच अजेंडा कस्टमरला आदल्या दिवशी गेला पाहिजे. मग त्या बाईच तुझं नाव घेऊन विचारतील. डी-वनमध्ये तुझ्या नावापुढं 'मेंबर' खोडून 'रूट कॉज अ‍ॅनालिसिस' लिही, खोटं काही नाही त्यात.

हसणाऱ्या पोरांचं सोपं आहे. गुरुवारी सुट्टी आहे ना? मग कॉन्फरन्स रूममध्ये कशाला जातोस, मोशीतून घरूनच जॉइन हो. कंपनीचा लॅपटॉप घरी आणायची परवानगी आदल्या दिवशीच काढून ठेव, गेटवर अडवतात. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड, म्हणजे जेवणाची वेळ. बायकोला कुकर आधी लावायला सांग किंवा तूच लाव. टीम्समध्ये लाइव्ह कॅप्शन असतात, ते चालू कर. मध्येच काहीच्या बाही लिहून येतं, पण प्रश्नातला मुख्य शब्द डोळ्यांना दिसतो आणि डोळ्यांचं इंग्रजी तुझं पक्कं आहे.

झिजलेली टिप आणि नवी टिप, दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढ, बाजूला व्हर्नियर. मोठा करून स्लाइडवर टाक. चेकशीटचाही, जुना आणि रात्रपाळीच्या रकान्यासकट नवा. पहिलं वाक्य लिहून लॅपटॉपला चिकटव: "इन द लास्ट कॉल वुई सेड ऑपरेटर एरर. वुई हॅव करेक्टेड दॅट." साहेबांचं नाव घ्यायचं नाही, 'वुई' म्हणायचं. त्यांनाही तोंड झाकायला जागा पाहिजे. नाही तर पुढच्या वेळी 'बघू' पण म्हणणार नाहीत.

कॉल झाला की तासाभरात मिनिट्स तू लिहून पाठव. कुणी सांगायची वाट बघू नकोस. लिहिणं तुझं चांगलं आहे, मग ते कस्टमरच्या इनबॉक्समध्ये तुझ्या नावानं जाऊ दे.

लाल_कार्ड

आधी एकदा रंगीत तालीम करून घ्या. मी बुधवारी दुकान बंद केल्यावर नऊनंतर मोकळा असतो. मला कास्टिंगमधलं काही कळत नाही, म्हणजे प्रश्न खरेच विचारीन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वासुली_फाटा

ताई, अजेंडा साहेबांना पाठवला. पंधरा मिनिटांत नुसता अंगठा आला, म्हणजे ओके धरतो.

लाल कार्ड, व्यनि केलाय. बुधवारी माझी पहिली पाळी, साडेतीनला सुटतो, नऊला नक्की. डी-फोरचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग आत्ता केलं, ते सात मिनिटांचं झालं. त्यात 'बेसिकली' किती आहेत ते मोजायला तुम्हालाच बसवतो.